घोडी वाकण्याआधी: डबल बेसच्या ब्रिजची दुरुस्ती आणि जपणूक

डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, माणसाएवढं मोठं वाद्य, आणि घोडी म्हणजे त्याच्या तारा ज्यावर टेकतात तो लाकडी ब्रिज. या घोडीला फळीशी धरून ठेवायला स्क्रू नसतो, खिळा नसतो, सरसही नसतो. ती नुसती उभी असते, चार तारांच्या दाबावर. हा दाब थोडाथोडका नाही. स्टीलच्या चार तारांचा एकत्र ताण साधारण ११० ते १३० किलोंच्या घरात जातो, आणि तारा घोडीवरून ज्या कोनात वळतात त्यामुळे त्यातला जवळपास निम्मा भार थेट खाली, वरच्या फळीवर उतरतो. एक धडधाकट माणूस दिवसरात्र घोडीच्या डोक्यावर बसून आहे असं समजा. तो मधोमध बसला आहे तोवर घोडी वर्षानुवर्षं टिकते. जरा पुढे सरकला की लाकूड वाकायला लागतं. ते इतकं हळू वाकतं की रोज वाजवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

मी आजवर ज्या तुटलेल्या घोड्या हातात घेतल्या त्यातल्या फारच थोड्या धक्क्याने तुटल्या होत्या. बाकीच्या महिनोन्महिने पुढे झुकलेल्या होत्या आणि शेवटी बारीकशा निमित्ताने गेल्या. म्हणून इथे सरस आणि क्लॅम्प मागाहून येतील. ब्रिज म्हणा की घोडी, आधी तिच्याकडे बघायचं कसं ते.

बाजूने बघा

बेस जाड गोधडीवर पाठीवर निजवा आणि डोळा फळीच्या पातळीला आणून घोडीकडे बाजूने बघा. घोडीची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते. टेलपीसकडची (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या पट्टीकडची) बाजू सपाट असते, फिंगरबोर्डकडची (मानेवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीकडची) वर निमुळती होत जाते. तळव्याशी जाडी २० मिमीच्या आसपास, वरच्या कडेला ५-६ मिमी. म्हणून अगदी सरळ उभी असलेली घोडीसुद्धा समोरून बघितली तर मागे रेललेली वाटते. नवखा माणूस फसतो तो इथेच. त्याला घोडी मागे पडल्यासारखी दिसते, तो ती पुढे ओढतो आणि चांगल्या घोडीची वाट लावतो.

कसोटी लावायची ती टेलपीसकडच्या सपाट बाजूला. ती फळीशी काटकोनात हवी. सुताराचा लहान गुण्या असेल तर उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठ्याच्या कार्डाचा कोपरा चालतो. फळीला आडवा फुगवटा बराच असला तरी घोडीच्या जागी लांबीच्या दिशेने ती जवळपास सपाट असते, त्यामुळे गुण्या नीट बसतो. घोडी केसभर मागे असेल तर मी हात लावत नाही. केसभर पुढे, म्हणजे फिंगरबोर्डकडे, असेल तर लगेच लावतो.

मग कागदाची पट्टी घ्या आणि ती दोन्ही तळव्यांखाली चारही बाजूंनी सरकवून बघा. कुठेच शिरायला नको. फक्त टेलपीसच्या बाजूने शिरत असेल तर घोडी पुढे झुकली आहे आणि तिच्या टाचा उचलल्या गेल्या आहेत. सपाट बाजूवर उभी पट्टी धरून मागून उजेड येतो का तेही बघा. मध्ये पट्टी टेकते आणि वर-खाली फट दिसते, म्हणजे घोडी नुसती झुकलेली नाही, वाकलेली आहे. झुकणं आणि वाकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांचे उपाय पुढे वेगवेगळे दिले आहेत.

शेवटी टॉर्च तिरपा धरून चिरा शोधा. मधल्या बदामाच्या आकाराच्या छिद्राचे कोपरे, पाय जिथे धडाला मिळतात ती जागा, अ‍ॅडजस्टरच्या (घोडीची उंची बदलायच्या स्क्रूच्या) भोकांच्या आसपास, पिकअप (आवाज स्पीकरकडे पाठवणारं साधन) बसवलेले बाजूचे पंख आणि तारांच्या खाचांचा तळ, या जागा आधी पाहा. घोडीतले लाकडाचे तंतू आडवे, या पंखाकडून त्या पंखाकडे जातात. त्यामुळे चीर जवळजवळ नेहमी आडवी जाते. आडवी बारीक रेघ दिसली तर नखाने कुरतडून बघा. नुसती लाकडाची रेषा असेल तर नख अडकत नाही.

हे सगळं करताना फोनवर बाजूने एक फोटो काढून ठेवा. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीपासून) घोडीच्या वरच्या कडेपर्यंतची तारेची लांबीही मोजून लिहा. ३/४ मापाच्या बेसवर ती बहुधा १०४ ते १०७ सेमी भरते. घोडी पडलीच तर ती परत कुठे उभी करायची हे या दोन नोंदींवरून कळतं.

झुकलेली घोडी सरळ करणं

घोडी पुढेच का झुकते? तार चढवताना खुंटीकडे ओढली जाते आणि खाचेत घट्ट बसलेली असेल तर घोडीची वरची कड आपल्याबरोबर ओढून नेते. दर वेळी अर्धा मिलिमीटरही नाही, पण सूर रोज लावला जातो. नव्या तारा चढवल्यावर तर त्या ताणल्या जातात, दिवसातून चार वेळा चढवाव्या लागतात, आणि आठवड्याभरात घोडी दिसण्याइतकी पुढे येते.

हे काम प्रत्येक बेसवादकाला यायलाच हवं. त्यासाठी कारागिराकडे जायची गरज नाही.

१. बेस पाठीवर निजवा, मानेखाली उशी द्या. बकल, घड्याळ, अंगठ्या काढून ठेवा.

२. चारही तारा साधारण एका स्वराने उतरवा. त्याहून जास्त नको. फळीच्या आत, 'जी' (G, सगळ्यात बारीक) तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, साउंडपोस्ट म्हणजे वरच्या आणि मागच्या फळीमधला लाकडी दांडा उभा असतो. तोही घोडीसारखाच नुसत्या दाबावर उभा आहे. तारा पार सैल केल्या तर तो पडू शकतो.

३. एकेक तार बोटाने किंचित उचलून खाचेत मऊ शिसपेन्सिल फिरवा. ४बी किंवा ६बी चांगली. तार घोडीला धरून बसण्याऐवजी सरकू लागते.

४. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी घोडीच्या वरच्या दोन कडा धरा. अंगठे फिंगरबोर्डच्या बाजूला, बोटं टेलपीसच्या बाजूला. तळहाताची कड फळीवर टेकवा, म्हणजे हात स्थिर राहतो आणि जोर मोजून लावता येतो.

५. अंगठ्यांनी वरची कड मागे ढकला, पण बोटं ढिली सोडू नका. ती लगाम आहेत. दोन्ही कडा एकदम हलत नसतील तर आधी 'ई' (E, सगळ्यात जाड) तारेकडची थोडी, मग 'जी' तारेकडची थोडी, असं आळीपाळीने करा. घोडी एकदम 'टक्' करून सरकते, त्यामुळे जोर हळूहळू वाढवायचा. झटका देऊ नये.

६. गुण्या लावून बघा. तळवे जागेवरून हलले नाहीत ना ते पाहा. वार्निशवर तळव्यांचा जुना ठसा असतोच, त्याच्याशी जुळवा. मग तारा चढवा, आणि चढवून झाल्यावर पुन्हा गुण्या लावा, कारण चढवताना घोडी थोडी पुढे येणारच. मी म्हणून सरळ करतानाच ती काटकोनाच्या किंचित मागे सोडतो.

तळवेच सरकले असतील तर? एफ-होलच्या (फळीतल्या f आकाराच्या छिद्रांच्या) आतल्या बाजूला ज्या छोट्या खाचा असतात त्या दोन खाचांना जोडणारी रेघ तळव्यांच्या जाडीच्या मधून जायला हवी. निदान कल्पना तरी तशी असते. पण प्रत्यक्षात कित्येक बेसवर कारागिराने तारेची लांबी किंवा साउंडपोस्ट लक्षात घेऊन घोडी मुद्दाम थोडी पुढे-मागे बसवलेली असते. म्हणून पुस्तकी रेघेपेक्षा तुमच्या फोटोवर आणि वार्निशवरच्या ठशावर जास्त भरवसा ठेवा.

खाचा

घोडी पुढे झुकण्याचं मूळ बऱ्याचदा खाचेत सापडतं. खाच अरुंद असेल तर तार तिच्यात पाचरीसारखी अडकते. चांगल्या खाचेचा तळ गोल असतो, रुंदी तारेपेक्षा नावापुरतीच जास्त, आणि खोली इतकी की तारेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा भाग आत बसावा. तार पूर्ण बुडाली असेल तर आवाजही दबतो आणि तिच्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेची वेटोळी खराब होतात ती वेगळीच. खाचेच्या पुढच्या आणि मागच्या कडा गोलसर केलेल्या हव्यात. धारदार कडेवर तार मोडते आणि त्या जागी तिची वेटोळी उसवतात.

खाच रुंद करायला लहान गोल कानस वापरा. तारेच्या जाडीच्या जवळपासची असावी. 'जी' तार दीड मिलिमीटरच्या आसपास, 'ई' तार अडीचच्या आसपास असते, पण अंदाजावर जाऊ नका, व्हर्निअरने मोजा. कानस नसेल तर जुन्या तारेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून घासा, काम सावकाश होतं पण माप आपोआप बरोबर येतं. एका वेळी एकच तार खाचेतून बाजूला करायची, बाकीच्या तीन ताणात राहू द्यायच्या. दर चार-पाच फेऱ्यांनंतर तार परत ठेवून बघा. लाकूड काढणं सोपं असतं, परत लावायला दिवस जातो.

खाच फार खोल गेली असेल तर दोन मार्ग. पक्का मार्ग असा: खाचेच्या जागी चौकोनी छोटी खोबण कापा, तिच्यात मेपलचा तुकडा तंतूंची दिशा जुळवून सरसाने बसवा, वाळल्यावर कडेशी बरोबर करा आणि नवी खाच पाडा. तात्पुरता मार्ग म्हणजे मेपलचा भुसा खाचेत दाबून त्यावर पातळ सुपरग्लूचा थेंब, असे दोन-तीन थर, मग कानस. सुपरग्लू फळीवर सांडला तर वार्निश खातो, म्हणून घोडीच्या दोन्ही बाजूंना फडकं पसरल्याशिवाय बाटली उघडू नका. हा भराव वर्षभर तरी साथ देतो असा माझा अनुभव आहे, ई तारेखाली त्याहून कमी.

नव्या खाचेची जागा मोजून घ्या. शेजारच्या दोन तारांच्या मध्यांतलं अंतर बहुतेक बेसवर २८ ते ३० मिमी असतं. हात त्या अंतराला सरावलेला असतो. दोन मिलिमीटरचा फरकही गज धरणाऱ्याला लगेच कळतो.

घोडी उतरवताना

पुढची काही कामं घोडी खाली काढल्याशिवाय होत नाहीत. धोका घोडीला कमी आणि साउंडपोस्टला जास्त आहे, हे ध्यानात ठेवून बेस पाठीवर निजवा आणि निजलेलाच राहू द्या. टेलपीसखाली जाड टॉवेलची घडी ठेवा, कारण तारा सैल झाल्या की टेलपीस फळीवर आदळतो आणि वार्निशवर खड्डा पाडतो. तळव्यांभोवती कमी चिकटणाऱ्या टेपचे तुकडे लावून जागा आखून घ्या. घोडीच्या टेलपीसकडच्या बाजूवर पेन्सिलीने 'मागे' असं लिहा. हे हास्यास्पद वाटेल, पण उलटी बसवलेली घोडी मी एकदा नाही, तीनदा पाहिली आहे, आणि त्यातली एक माझी स्वतःची होती.

मग चारही तारा थोड्या थोड्या, पाळीपाळीने उतरवा. एकच तार पूर्ण सैल करून दुसरीकडे वळू नका. शेवटी घोडी हाताने धरून ठेवा आणि तारांखालून काढून घ्या. बेस हलवू नका, बाजूवर वळवू नका. आतून काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज आला तर साउंडपोस्ट पडला. मग एकही तार चढवायची नाही. साउंडपोस्टशिवाय ताण दिला तर फळी खचते, प्रसंगी चिरते. तो उभा करायला वाकडं हत्यार आणि सरावलेला हात लागतो, ते काम कारागिराचं.

वाकलेली घोडी

लाकूड ओलाव्याने आणि उष्णतेने मऊ होतं. घोडी वाकते तीही याच गुणामुळे आणि परत सरळ करता येते तीही. पण आधी ठरवा की ती सरळ करण्याजोगी आहे का. पट्टी लावल्यावर फट १-२ मिमीची असेल आणि घोडी पुरेशी जाड असेल तर करून बघा. फट त्याहून मोठी, कंबर बारीक, किंवा ही दुसरी-तिसरी खेप असेल तर तो वेळ नव्या घोडीसाठी राखा.

घोडीतून धातूचे अ‍ॅडजस्टर आणि पिकअप काढा. धड ओल्या फडक्यात गुंडाळून उकळत्या पाण्याच्या वाफेवर दहा-पंधरा मिनिटं धरा, ती हाताला चांगली चटका देईपर्यंत. पूर्वी सरसाने जोडलेली असेल तर वाफेने तो जोड सुटणार, तेव्हा तशी घोडी वाफेवर नेऊ नका.

गरम असतानाच ती फळकुटावर दाबायची. इथे एक गोम आहे. घोडी पाचरीसारखी निमुळती असते, त्यामुळे दोन सपाट फळ्यांमध्ये नुसती आवळली तर दाब नीट बसत नाही आणि सुटल्यावर ती परत थोडी वाकते. त्यापेक्षा असं करा. पुढे झुकून वाकलेल्या घोडीचा फुगवटा टेलपीसच्या बाजूला असतो. तो फुगवटा वर ठेवून घोडी पालथी ठेवा, वरच्या कडेखाली आणि तळव्यांखाली लाकडाच्या पट्ट्या द्या, मधला भाग अधांतरी राहू द्या. मग मध्ये लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्प हळूहळू आवळा, घोडी सरळ रेषेच्या एखादा मिलिमीटर पलीकडे जाईपर्यंत. सोडल्यावर ती थोडी परत येतेच, तो हिशोब आधीच धरायचा. बदामाच्या कोपऱ्यांवर नजर ठेवा. करकर ऐकू आली तर थांबा.

दोन-तीन दिवस तशीच वाळू द्या. घाईने काढलेली घोडी आतून ओली असते आणि तारा चढल्या की आठवड्यात पुन्हा वाकते. परत बसवल्यावर पहिला महिनाभर रोज गुण्या लावा. पुन्हा वाकली तर दोष लाकडात आहे. चांगली घोडी दाट, टणक मेपलच्या चौफाड कापलेल्या फळीतून काढलेली असते आणि तिच्या सपाट बाजूवर चकचकीत बारीक ठिपके दिसतात. स्वस्त वाद्यांवरच्या घोड्यांत ते बऱ्याचदा दिसत नाहीत.

चीर आणि तुटणं

तंतू आडवे असल्यामुळे घोडी जिथे फाटते तिथे दोन्ही पृष्ठांवर तंतूंची लांब बाजू उघडी पडते, आणि अशा पृष्ठांना सरस उत्तम धरतो. त्यामुळे स्वच्छ फाटलेली घोडी दिसते तितकी गेलेली नसते. फक्त फाटलेले पृष्ठभाग घासू नका, पुसू नका, बोटांनी चोळू नका. दोन्ही तुकडे जसेच्या तसे जुळले पाहिजेत.

सरस कोणता? माझी पसंती प्राणिज सरसाला. तो पाण्यात भिजवून साधारण ६० अंशांपर्यंत गरम करायचा, पातळ लावायचा आणि थंड व्हायच्या आत जोडायचा. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो, ताणाखाली घसरत नाही, आणि पुढे कधी उकलायचा झाला तर वाफेने उकलतो. सुतारकामाचा पांढरा गोंद मजबूत असतो, पण सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो, आणि घोडीवर भार सततच असतो. केसासारख्या चिरेत, जिथे तुकडे वेगळे झालेलेच नाहीत, तिथे पातळ सुपरग्लू आपोआप आत ओढला जातो आणि चांगलं काम करतो. जिथे लाकूड चुरगळून फट राहिली आहे तिथे इपॉक्सी.

आधी एकदा सुकं जुळवून, क्लॅम्प कसे लावायचे याची रंगीत तालीम करा. घोडीचा आकार वेडावाकडा असल्यामुळे साधा क्लॅम्प निसटतो. सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून त्या घोडीभोवती ताणून गुंडाळल्या की दाब सगळीकडून येतो आणि लाकडाला व्रणही पडत नाही. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसा, २४ तास हात लावू नका.

आता कुठली जोडलेली घोडी परत वापरायची हे ठरवा. पंखाचा तुकडा उडाला होता, किंवा वरच्या कडेला चीर होती, तर जोडून खुशाल वापरा. कमरेतून आरपार गेली होती तर नवी होईपर्यंतचा आधार म्हणून वापरा. पाय मोडला असेल तर वापरू नका. तो जोड तारा ताणलेल्या असताना सुटला तर घोडी क्षणात खाली येते, टेलपीस आणि तारा फळीवर आपटतात, आणि घोडीच्या जागी फळीची दुरुस्ती करत बसावं लागतं.

अ‍ॅडजस्टर

हवा कोरडी झाली की फळी खाली बसते आणि तारा फिंगरबोर्डला घासायला लागतात. दमट झाली की फळी फुगते आणि तारा उंच जातात. दर ऋतूला घोडी बदलता येत नाही, म्हणून पायांमध्ये चाकाचे अ‍ॅडजस्टर बसवतात. सोय मोठी आहे, आणि घोड्या खराब होण्याचं एक मोठं कारणही.

नियम एकच: तारा चढलेल्या असताना चाक वर फिरवायचं नाही. मी सुरुवातीला पक्कड लावून फिरवलं होतं. चाक फिरलं, पण लाकडातली आटी भुगा होऊन बाहेर आली. तारा दोन-तीन स्वरांनी उतरवा, मग चाक बोटांनी फिरायला हवं. फिरत नसेल तर तारा आणखी उतरवा, जोर वाढवू नका.

फेऱ्या मोजा. एम६ आटीचा स्क्रू एका फेऱ्यात १ मिमी वर जातो, एम८चा १.२५ मिमी. घोडी १ मिमी उचलली की फिंगरबोर्डच्या टोकाशी तार साधारण ०.८ मिमी उचलली जाते, म्हणजे एका वेळी अर्ध्या फेऱ्याहून जास्त लागत नाही. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. एकच पाय उचलला तर घोडी तिरकी होते, तळवे एका कडेवर चढतात. स्टीलच्या तारांसाठी फिंगरबोर्डच्या टोकाशी 'जी' तार ५ ते ७ मिमी आणि 'ई' तार ८ ते १० मिमी उंच, इथून सुरुवात करा आणि मग आपल्या हाताला विचारा. प्रत्येक फेरबदलानंतर गुण्या लावायचा, हे वेगळं सांगायला नको.

पाय डुगडुगत असतील, म्हणजे लाकडातली आटी ढिली झाली असेल, तर स्क्रू पूर्ण काढा, भोकातल्या आटीवर पातळ सुपरग्लूचे दोन-चार थेंब फिरवा, एक रात्र वाळू द्या आणि त्याच मापाच्या टॅपने (आटी पाडायच्या हत्याराने) आटी पुन्हा साफ करा. स्क्रू आत असताना गोंद टाकलात तर तो स्क्रू जन्माचा तिथलाच. बसवताना आटीला थोडं मेण लावा. चाकाखाली बोटभर स्क्रू उघडा दिसू लागला की समजा घोडीच बुटकी झाली आहे. तितक्या उंचीवर पाय काड्यांवर उभे असतात.

तळवे

तळवे फळीच्या फुगवट्याला पूर्ण चिकटलेले हवेत. फळीवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घोडी घासण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. मला ती आवडत नाही. हात डोलतो, तळव्यांच्या कडा गोल होतात आणि दिसायला बसलेला तळवा प्रत्यक्षात मध्येच टेकतो. कारागीर खडू किंवा कार्बन पेपरने उंच जागा शोधून धारदार सुरीने तेवढंच खरवडतात, आणि ते शिकायला बऱ्याच घोड्या वाया घालवाव्या लागतात. तळव्यांचं काम बाहेर द्या.

रोजची जपणूक

सूर लावून झाल्यावर घोडीकडे बाजूने एक नजर टाका. अर्धं मिनिटही लागत नाही. नव्या तारा चढवल्यावर आठवडाभर गुण्याही लावा. तारा बदलताना एक काढून एक चढवा, चारही एकदम कधीच नाही, आणि प्रत्येक वेळी खाचेत पेन्सिल.

बेस खाली ठेवायचा तर बाजूवर, घोडी माणसांच्या वाटेपासून दूर वळवून. भिंतीला टेकवून ठेवलेला बेस घसरतो आणि बहुधा तोंडावर पडतो. दारातून नेताना घोडी आपल्या अंगाकडे ठेवा, म्हणजे चौकट लागली तरी बेसच्या पाठीला लागेल.

पिशवीची चेन हा लपलेला शत्रू आहे. पिशवी ओढून काढताना तिची कड घोडीच्या पंखात अडकते आणि आपण ती निघत नाही म्हणून आणखी ओढतो. पिशवी पूर्ण उघडून बेसवरून बाजूला करा. प्रवासात फोमचे दोन जाड तुकडे घोडीच्या पुढे आणि मागे तारांखाली सरकवा. गाडीत घोडीवर काहीही टेकणार नाही असा बेस निजवा. उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, तिथे सरसाचे सगळेच जोड मऊ पडतात. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर घोडीही फारशी हलत नाही. आर्द्रतामापक बेसजवळच टांगा.

पंखात बसवायचा पिकअप ठोकून घालू नका. घट्ट असेल तर फट केसभर घासा, ढिला असेल तर व्हिनिअरची पातळ चिपटी द्या. वाजवून झाल्यावर रोझिनची (गजाला लावायच्या राळेची) पूड सुक्या मऊ फडक्याने पुसा. स्पिरिट फळीजवळ नेऊ नका.

नवी घोडी करून घेतलीत तर जुनी टाकू नका. तिच्या सपाट बाजूवर उतरवल्याची तारीख, अ‍ॅडजस्टरच्या उघड्या स्क्रूची उंची आणि चारही तारांची उंची पेन्सिलीने लिहा, फडक्यात गुंडाळा आणि पिशवीच्या खिशात ठेवा. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नवीला काही झालं तर तीच उभी करता येते.